थेंब डोळ्यात किती वेळ राहतो?

डोळ्यात औषधाचा थेंब घातला की मिनिटा-दोन मिनिटांत घशाशी कडवट चव येते. आपण ती गिळतो आणि विसरतो. रियाधमधल्या रुग्णाला मात्र रमजानच्या महिन्यात ती विसरता येत नाही. पहाटेपासून पाण्याचा घोटही न घेतलेला माणूस जिभेच्या मुळाशी औषध जाणवलं की दचकतो: रोजा मोडला की काय? मग दिवसातून चार वेळा घालायचे थेंब तो दोनदाच घालतो, एकदा इफ्तारनंतर आणि एकदा सहरच्या वेळी. रमजान उन्हाळ्यात आला तर तिथला रोजा १५ तासांच्या घरात जातो, आणि दुखरा डोळा तेवढा वेळ औषधाविना राहतो.

जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ च्या अधिवेशनात यावर निर्णय दिला. डोळ्यातल्या थेंबांनी रोजा मोडत नाही, फक्त घशात उतरलेलं औषध गिळू नये, असा त्याचा आशय. मला या निर्णयातली अट फार महत्त्वाची वाटते. डोळ्यातून नाकात आणि नाकातून घशात जाणारी वाट धर्माच्या जाणकारांनी गृहीत धरली होती. औषधशास्त्राची सगळी अडचणही याच वाटेवर आहे. डोळ्याच्या पृष्ठभागासाठी दिलेलं औषध पृष्ठभागावर थांबतच नाही.

हिशेब साधा आहे. बाटलीतून पडणारा थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. डोळ्यावर अश्रूंचा जो पातळ थर असतो तो सगळा मिळून ७ ते १० मायक्रोलिटर. पापणीमागच्या खोबणीत फार तर ३० मायक्रोलिटर मावतं. म्हणजे थेंब पडतो त्याच क्षणी त्यातला बराच भाग गालावर येतो. उरलेला प्रत्येक उघडझापीबरोबर नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्राकडे ढकलला जातो, आणि ते छिद्र नाकात उघडतं. त्यातच डोळ्याला काही टोचलं की तो अधिक पाणी आणतो आणि औषध आणखी पातळ होतं. डोळ्याच्या आत पोचतं ते बहुतेक औषधांच्या बाबतीत ५ टक्क्यांहूनही कमी.

यात डोळ्याचा दोष काहीच नाही. धूळ, माशी, धूर, जंतू यांना मिनिटभरही थारा द्यायचा नाही, हेच त्याचं काम. औषध आणि कचरा यांतला फरक त्याने कशावरून ओळखावा? म्हणूनच गेल्या पन्नास वर्षांतले सगळे प्रयत्न, मग ते तेलातले असोत, जेलचे असोत की सूक्ष्म कणांचे, एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात: थेंब डोळ्यात किती वेळ राहतो? औषध जोरदार आहे की नाही, हा प्रश्न मला त्यामानाने दुय्यम वाटतो. चांगली औषधं पुष्कळ आहेत, आणि ती वाहून जातात.

सौदी अरेबियात या प्रश्नाची सुरुवात खुपरीपासून झाली. आपल्या आजी-पणजीच्या पिढीला हा शब्द नीट ठाऊक होता. पापणी उलटी केली की आतून साबुदाण्यासारखे दाणे दिसायचे. वर्षानुवर्षं तो संसर्ग पुन्हापुन्हा झाला की पापणी आतून आखडायची, केस आत वळायचे आणि बुबुळावर घासत राहायचे. शेवटी डोळ्यात फूल पडायचं. अल-हसा आणि कतीफच्या खजुराच्या बागांतल्या गावांमध्ये हा रोग घरोघर होता. १९५४ मध्ये अराम्को या तेल कंपनीने हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य महाविद्यालयाला खुपरीच्या संशोधनासाठी पैसे दिले आणि पूर्वेकडच्या दहरान भागात अनेक वर्षं काम चाललं. ज्या जंतूमुळे खुपरी होते तो प्रयोगशाळेत पहिल्यांदा वेगळा काढला चीनच्या तांग फेइफान यांनी, १९५० च्या दशकात. त्यानंतर लसीची आशा वाटू लागली. दहरानच्या गटानेही लस करून पाहिली, पण तिने टिकाऊ संरक्षण मिळालं नाही.

हातात उरलं टेट्रासायक्लिनचं मलम. औषध म्हणून ते उत्तम होतं. पण ते घालायचं कसं, ते पाहा. दिवसातून दोन वेळा, सहा आठवडे, घरातल्या प्रत्येक लहान मुलाच्या दोन्ही डोळ्यांत. खालची पापणी ओढायची, ट्यूब दाबून मलमाची बारीक रेघ आत सोडायची, आणि पोर किंचाळत असताना पापणी मिटून धरायची. मलम चिकट असल्याने थेंबापेक्षा जास्त वेळ टिकतं, पण त्या टिकण्यानेच नजर तासभर धूसर होते. चार मुलं असलेल्या आईने हे ८४ वेळा करायचं, प्रत्येक मुलाला, प्रत्येक डोळ्याला. आठ दिवसांत दाणे कमी दिसले की ट्यूब फळीवर जाते. त्या आईला दोष देणाऱ्याने आधी ते आठवडाभर करून पाहावं.

१९८४ मध्ये सौदी अरेबियात अंधत्वाची देशभर पाहणी झाली. खालिद तब्बारा आणि डेनिस रॉस-डेगनन यांनी तिचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध केले. सुमारे दीड टक्के लोक अंध होते. पहिलं कारण मोतीबिंदू, पण खुपरी आणि बुबुळावरचे इतर व्रण यांचा वाटाही मोठा होता. मोतीबिंदूला शस्त्रक्रिया होती. बुबुळावरच्या व्रणांना आधीच अडवायला हवं होतं.

मग १९९० च्या दशकात मार्ग सापडला, आणि तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. औषध डोळ्यात टिकत नसेल तर ते डोळ्यात घालूच नका. अ‍ॅझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक पोटात घेतलं की पेशींमध्ये शिरून साठून राहतं आणि तिथून सावकाश सुटत राहतं. गांबियात त्याचा पहिला मोठा प्रयोग १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. तब्बारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सौदी अरेबियात वजनाच्या दर किलोला २० मिलिग्रॅम असा एकच डोस एका गटाला आणि सहा आठवड्यांचं टेट्रासायक्लिन मलम दुसऱ्या गटाला देऊन तुलना केली. १९९६ मध्ये निष्कर्ष आला: एक डोस सहा आठवड्यांच्या मलमाच्या तोडीस तोड. पुढे १९९८ मध्ये त्याच गटाने अश्रूंत आणि नेत्रश्लेष्मलेत, म्हणजे पापणीच्या आतल्या आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या नाजूक अस्तरात, औषध किती मुरतं ते मोजलं. एका डोसनंतर औषध रक्तापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आणि कित्येक दिवस तिथे टिकून होतं. बाहेरून टाकलेलं जे दोन मिनिटांत वाहून जातं, ते आतून पाठवलं की मुक्कामाला राहतं. आणि गोळी किंवा गोड औषध समोर उभं राहून गिळायला देता येतं. आईच्या ८४ फेऱ्या वाचल्या.

खुपरी हटण्याचं श्रेय अर्थात औषधाचं एकट्याचं नाही. नळाचं पाणी आलं, घरं बदलली, जनावरं अंगणातून गेली, माश्या कमी झाल्या. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपरी हटवलेल्या देशांच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आता सौदी अरेबिया आहे. १९६३ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालवणारा भारत २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्या यादीत आला.

खुपरी गेली, पण पृष्ठभागाचे आजार गेले नाहीत. रियाधमधल्या किंग खालेद नेत्र रुग्णालयात कॉर्नियाच्या दवाखान्याबाहेर जी मुलं डोळे चोळत बसतात, त्यांतल्या अनेकांना असते उष्ण-कोरड्या हवेतली ॲलर्जी. वैद्यकात तिला व्हर्नल केराटोकंजंक्टिव्हायटिस म्हणतात. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यातले नेत्रतज्ज्ञही तिला चांगले ओळखतात. मुलगा साधारण सहा-सात वर्षांचा, उन्हाकडे बघवत नाही, डोळ्यांतून दोरीसारखा चिकट स्राव, आणि खाज अशी की झोपेतही मुठी डोळ्यांवर. वरची पापणी उलटली तर आत फरसबंदीसारखे मोठे उंचवटे. ते बुबुळावर घासून कधी व्रण होतो.

इथे स्टेरॉइडचा थेंब जादू करतो, आणि खरा धोका तिथेच आहे. दोन दिवसांत खाज जाते, मुलगा शाळेत जातो, आईवडील सुटकेचा श्वास सोडतात. पुन्हा खाज आली की डॉक्टरांकडे न जाता दुकानातून तीच बाटली येते. असं दोन-तीन उन्हाळे चाललं की डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होतो, लहान वयात मोतीबिंदू येतो. ॲलर्जी तारुण्यात बहुधा आपोआप ओसरते. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. हे मी कळकळीने लिहितो, कारण ही हानी पूर्ण टाळता येण्याजोगी आहे.

स्टेरॉइडला पर्याय सायक्लोस्पोरिन. मूत्रपिंड-रोपणानंतर दिलं जाणारं हे औषध डोळ्यावरची ॲलर्जी शांत करतं आणि डोळ्यातला दाब वाढवत नाही. पण त्याचा रेणू अवाढव्य आहे, सुमारे १२०० डाल्टनचा, आणि पाण्यात विरघळत नाही. रियाधमध्ये ब्लेइक आणि तब्बारा यांनी तेलातल्या सायक्लोस्पोरिनचे थेंब या मुलांना देऊन पाहिले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात औषधाने आराम पडला. मात्र तेलाने डोळे चुरचुरतात, नजर अंधुक होते. सात वर्षांच्या मुलाला हे दिवसातून चार वेळा पटवायचं, तेही त्याच्या डोळ्यांची आधीच आग होत असताना. औषध बरोबर होतं, त्याचं वाहन चुकीचं होतं.

पुढची तीस वर्षं वाहन बदलण्यात गेली. २००२ मध्ये अमेरिकेत एरंडेल तेलाचं पाण्यातलं दुधाळ मिश्रण आलं, कोरड्या डोळ्यांसाठी. मग एक हुशार कल्पना आली. डोळ्याच्या पृष्ठभागावर श्लेष्म्याचा जो थर असतो त्यावर ऋण विद्युतभार असतो. तेलाच्या सूक्ष्म थेंबुकल्यांना धन भार दिला तर त्या पृष्ठभागाला चिकटून राहतील. असं मिश्रण युरोपात २०१५ मध्ये प्रौढांच्या कोरड्या डोळ्यांसाठी मान्य झालं, आणि तसंच एक २०१८ मध्ये खास या ॲलर्जीच्या मुलांसाठी. म्हणजे तेलातल्या पहिल्या प्रयोगांपासून मुलांच्या हक्काच्या बाटलीपर्यंत जवळपास तीन दशकं लागली. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या प्रकारात तर पाणीच नाही. तो द्रव पाण्यापेक्षा सहज पसरतो, आणि त्याचा थेंब जेमतेम १० मायक्रोलिटरचा असतो. डोळ्यात मावेल एवढाच थेंब करायचा, ही गोष्ट सुचायला इतका काळ जावा याचं मला अजून नवल वाटतं.

सतत डोळे चोळण्याचा आणखी एक परिणाम म्हणजे बुबुळाचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येणं, केराटोकोनस. नैर्ऋत्येकडच्या असीर प्रांतातल्या २००५ च्या अभ्यासात दर लाखामागे वर्षाला २० नवे रुग्ण आढळले होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत रियाधच्या आपत्कालीन विभागांत डोळ्यांखेरीज इतर कारणांसाठी आलेल्या ६ ते २१ वर्षांच्या ५२२ जणांचे डोळे तपासले, तर ४.७९ टक्क्यांमध्ये हा विकार निघाला. जगात इतरत्र नोंदवलेल्या आकड्यांच्या तुलनेत हा फार मोठा आहे. यावरचा उपचार म्हणजे पडद्याला रायबोफ्लेविन, अर्थात ब जीवनसत्त्वातलं एक द्रव्य, पाजायचं आणि त्यावर अतिनील प्रकाश सोडून तंतू घट्ट करायचे. पण रायबोफ्लेविन पाण्याशी मैत्री असलेलं, आणि पडद्याचा सर्वांत वरचा थर तेलाशी मैत्री असलेला. तो त्याला आत घेत नाही. म्हणून मूळ पद्धतीत तो थर सरळ खरवडून काढतात, आणि मग अर्धा तास दर काही मिनिटांनी थेंब घालत बसतात. पुढचे दोन-तीन दिवस रुग्ण वेदनेने तळमळतो. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पडद्यात जीवनसत्त्व शिरवण्यासाठी त्याचं कातडं सोलावं लागतं. पृष्ठभागावरून औषध पोचवणं किती अवघड आहे, हे याहून स्पष्ट दुसऱ्या कशाने कळणार नाही. थर न काढता सौम्य विद्युतप्रवाहाने किंवा वेगळ्या द्रावणाने औषध आत ढकलण्याचे प्रयत्न त्यासाठीच चालले आहेत.

औषध डोळ्यावर धरून ठेवायची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात क्रियाकल्पाचा अध्याय आहे. त्यातल्या तर्पणात डोळ्याभोवती उडदाच्या पिठाची पाळ बांधायची, तिच्यात कोमट औषधी तूप ओतायचं, आणि ठरलेल्या मोजणीइतका वेळ रुग्णाने डोळ्यांची उघडझाप करत राहायचं. थेंबांना आश्च्योतन म्हटलंय, आणि अंजनाचे गोळी, पाक, चूर्ण असे प्रकार सांगितलेत. पीठ-तूप निर्जंतुक नसतं, त्यामुळे घरी हा उपाय करू नये. पण वाहून जाणाऱ्या औषधाला बांध घालायचा हा विचार ज्याला सुचला, त्याला रोग्याचा डोळा जवळून ठाऊक होता.

अरबांकडे अंजनाचीच जागा सुरम्याला होती. डोळ्यांच्या वैद्याला अरबीत ‘कह्हाल’ म्हणत, म्हणजे कोहल, सुरमा लावणारा. मक्का-मदिनेहून येणारे यात्रेकरू आजही इस्मिद सुरम्याची पुडी आप्तांसाठी आणतात. दुर्दैवाने बाजारातल्या अनेक सुरम्यांत शिशाचा गंधकयुक्त दगड दळलेला असतो. रियाधमधल्या नेत्रतज्ज्ञांनी १९९५ मध्येच त्यावर धोक्याचा इशारा दिला होता. तान्ह्या बाळाच्या डोळ्यात तो बोटाने भरणं म्हणजे बाळाच्या हातून तोंडात शिसं देणं. बाकी कोणतंही औषध डोळ्यावर टिकत नाही आणि शिसं मात्र कडांना धरून बसतं, याचं फार वाईट वाटतं.

आजचे बांध वेगळे आहेत. १९७४ मध्ये पापणीखाली ठेवायची एक चकती अमेरिकेत आली. आठवडाभर औषध झिरपवणारी ती चकती काचबिंदूसाठी होती. कागदावर ती निर्दोष होती, पण रात्री झोपेत ती घरंगळून पडायची आणि वयस्क रुग्णाला पत्ताही लागायचा नाही. शेवटी ती बाजारातून गेली. जेल्लन डिंकाचं द्रावण अधिक यशस्वी ठरलं. बाटलीत ते पातळ असतं आणि अश्रूंतल्या क्षारांना भेटताच डोळ्यात जेल होतं. २०१८ मध्ये अश्रूंच्या छिद्रातच बसवायचा स्टेरॉइडचा बारीक बोळा आला. तो महिनाभर औषध सोडत विरघळतो, आणि २०२१ पासून ॲलर्जीच्या खाजेसाठीही मान्य आहे. त्याच वर्षी जपानमध्ये ॲलर्जीचं औषध भरलेली कॉन्टॅक्ट लेन्स मिळू लागली. वाहून जाण्याची वाटच औषधाच्या गोदामासाठी वापरायची, ही बोळ्याची युक्ती मला फार पटते. रमजानमधल्या रुग्णाला तर महिनाभर बाटली उघडायलाच नको.

सौदी विद्यापीठांतही या विषयावर भरपूर काम चालू आहे. किंग सौद विद्यापीठात मोहम्मद अबुल कलाम यांनी २०१६ मध्ये कायटोसानच्या सूक्ष्म कणांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड भरून त्यांवर हायलुरोनिक आम्लाचा लेप दिला. कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून मिळतं, त्यावर धन भार असतो, त्यामुळे ते डोळ्याला चिकटतं. असे शोधनिबंध रियाध-जेद्दाहपासून आपल्या मुंबई-पुण्यापर्यंत औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतून सारखे निघत असतात. त्यांबद्दल माझी एक तक्रार आहे. बहुतेकांची अंतिम परीक्षा सशाच्या डोळ्यावर होते. माणूस मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटतो, ससा तासाला चार-पाच वेळा. सशाच्या डोळ्यात सहा तास टिकलेला कण माणसाच्या डोळ्यात किती टिकेल, हे त्यावरून कळत नाही. त्यात रियाधची हवा धरा: उन्हाळ्यात ४५ अंश तापमान, धुळीची वादळं, आणि घरात दिवसरात्र वातानुकूलन. तिथल्या डोळ्यावर अश्रूंचा थर आधीच फाटलेला असतो. प्रयोगशाळेतल्या चांगल्या कल्पना रुग्णापर्यंत यायच्या तर त्यांची कसोटी त्या डोळ्यावर लागायला हवी, आणि उन्हात तापलेल्या गाडीत विसरलेल्या बाटलीवरसुद्धा.

पण बुरशीच्या जखमेसारख्या तातडीच्या आजारात या सगळ्या नव्या युक्त्यांची वाट पाहायला वेळ नसतो. उसाचं पान लागून किंवा बांधकामावर कण उडून बुबुळावर जखम झाली, तिच्यात बुरशी वाढली, तर दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. नाटामायसिन हे जुनं औषध पडद्यात फारसं शिरत नाही, आणि तरीही मदुराईच्या अरविंद नेत्रसंस्थेच्या रुग्णालयांत झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते आत सहज शिरणाऱ्या व्होरिकोनाझोलपेक्षा सरस ठरलं. पृष्ठभागावर गाळासारखं बसून राहणं, हेही त्याच्या बाजूने काम करत असावं असं मला वाटतं.

जुबैलच्या कारखान्यांत, दम्माम-रियाधच्या बांधकामांवर काम करणाऱ्या आपल्या माणसांच्या हातात जी बाटली येते, तिच्यासोबतचा कागद अरबीत आणि इंग्रजीत असतो. थेंब कसा घालायचा हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. माझी आईही कुणाकडून शिकली नव्हती. तिचा थेंब निम्मा गालावर पडायचा, मग खात्रीसाठी ती आणखी दोन घालायची, आणि लगेच डोळे मिचकवायची. १९८४ मध्ये झिमरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं होतं की थेंब घातल्यावर पाच मिनिटं डोळा नुसता मिटून ठेवला, किंवा नाकाकडचा कोपरा बोटाने दाबून धरला, तर रक्तात जाणारं औषध ६० टक्क्यांहून अधिक कमी होतं. नाकाची वाट बंद, त्यामुळे घशाशीही फारसं काही येत नाही. खालची पापणी ओढून एकच थेंब, डोळा अलगद मिटायचा, मिचकवायचा नाही, कोपऱ्यावर बोट, घड्याळात पाच मिनिटं. दुसरं औषध असेल तर त्यानंतर. मी तिला हे दाखवलं तेव्हा ती पलंगाच्या कडेला डोळे मिटून बसली, आणि पाच मिनिटांनी म्हणाली, आज तोंड कडू झालं नाही.